आवड ओळखणारी नभोवाणी

नभोवाणीचा श्रोता हा मूळचाच पराधीन प्राणी. केंद्रावरून जें लागेल तें त्यानें ऐकावें आणि नको असेल तर यंत्राचा कान पिळून तें बंद करावें, एवढेंच काय तें स्वातंत्र्य त्याच्या वांट्यास आलेलें. त्यांतूनही एखाद्यास आपली फर्माईश कळवावीशी वाटली, तर त्यानें पोस्टकार्ड लिहावें आणि आपलें नांव निवेदकाच्या तोंडून केव्हां उच्चारलें जातें याची वाट पाहत बसावें. ‘विविध भारती’ ही सेवा १९५७ सालीं सुरू झाली. तिच्या फर्माईशी कार्यक्रमांनीं झुमरीतलैय्यासारख्या आडगांवाचें नांव सबंध देशास पाठ करून दिलें, तें अशा पोस्टकार्डांच्याच जोरावर. मराठी घरांतून ‘आपली आवड’ या कार्यक्रमाची वेळ झाली म्हणजे स्वयंपाकघरांतलें भांड्यांचें वाजणें थांबत असे. परंतु त्या ‘आपली’ या शब्दांत आपण सारेच होतों. एकट्या माझी अशी आवड त्यांत नव्हती.

आज मी ज्या नभोवाणीविषयीं बोलणार आहे, तिच्यांत नेमका हा ‘आपली’ शब्द गळून पडला आहे. तेथें निवेदक नाहीं, पोस्टकार्ड नाहीं, ठराविक वेळही नाहीं. आपण एक गाणें लावावें. तें संपलें कीं दुसरें आपोआप लागतें, मग तिसरें. आणि हीं पुढचीं गाणीं कोणीं निवडलीं म्हणाल तर एका यंत्रानें, केवळ आपल्यासाठीं. शेजारच्या बिऱ्हाडांत तेंच पहिलें गाणें लाविलें तर तेथें दुसरें गाणें निराळें लागेल. ही व्यवस्था कशी चालते हें ठाऊक नसलें, तर ती आपल्या कानास हळूहळू वळण लावते आणि तें आपल्या ध्यानींही येत नाहीं. म्हणून तिची घडण समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम एक घोटाळा दूर करूं. इंटरनेटवरून ऐकूं येणारी प्रत्येक नभोवाणी अशी नसते. आकाशवाणीचे कार्यक्रम आज ‘न्यूज ऑन एअर’ या ॲपवरून पुण्यांत ऐकतां येतात आणि कॅलिफोर्नियांतल्या एखाद्या मराठी घरींही. पण दोन्हीकडे कार्यक्रम एकच असतो. तेथें फक्त वाहन बदललें, प्रवासी तेच. वैयक्तिक नभोवाणीचें तसें नाहीं. कात्रजला राहणाऱ्या मला हा भेद फार सोपा वाटतो. नानासाहेब पेशव्यांनीं अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजच्या तलावाचें पाणी जमिनीखालच्या बांधीव नळांतून पुण्यास, थेट शनिवारवाड्यापर्यंत नेलें. वाटेंत ठिकठिकाणीं उच्छ्वास बांधले आणि शहरांत हौद. हौदावर जो जाई त्याची घागर त्याच पाण्यानें भरे. जुनी नभोवाणी ही अशी हौदाची व्यवस्था होय. नवी सेवा म्हणजे घरोघर, नव्हे माणसागणिक, निराळा नळ. आणि नळही असा कीं, आपण किती घोट घेतले, कोणता घोट थुंकून टाकला, रात्रीं कितीदां उठून पाणी प्यालों याची नोंद ठेवणारा, आणि त्या नोंदीवरून उद्यांच्या पाण्यांत वाळा घालावा कीं मोगरा हें ठरविणारा.

ही कल्पना वाटते तितकी आजकालची नाहीं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेंत उपेंद्र शारदानंद हा विद्यार्थी व पॅटी मेस या त्याच्या अध्यापिका यांनीं १९९४ सालीं ‘रिंगो’ नांवाची एक योजना चालू केली. श्रोत्यानें ई-मेलनें कलावंतांची यादी मागवावी, प्रत्येकास एकपासून सातपर्यंत गुण द्यावे व ती परत पाठवावी. यंत्र उलट टपालीं कळवी कीं, तुम्हांस अमुक कलावंत आवडतील आणि तमुक आवडणार नाहींत. एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानीं जाणारी शिफारस यंत्राकडून करवून घ्यावयाची, असा या योजनेचा हेतु होता.

यंत्र हें कसें करी? समजा, एका गृहस्थांस कुमार गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर व किशोरी आमोणकर यांचें गाणें प्रिय आहे. दुसऱ्या एका बाईंसही तेच तिघे प्रिय आहेत, आणि त्यांच्या यादींत चौथें नांव वसंतराव देशपांडे यांचें आहे. गृहस्थांनीं वसंतरावांना कधीं ऐकलेलें नाहीं. यंत्र या दोन याद्या शेजारीं शेजारीं ठेवतें, तीन नांवें जुळलीं असें पाहतें, आणि वसंतरावांचें गाणें गृहस्थांपुढें आणून ठेवतें. वसंतराव कोण, ते काय गातात, त्यांच्या तानेंत काय आहे, याचें त्यास काडीइतकें ज्ञान नसतें. त्यास ठाऊक असते ती फक्त माणसांची माणसांशीं जुळणी. दोन श्रोत्यांऐवजीं कोट्यवधि श्रोते घ्या आणि दिलेल्या गुणांऐवजीं ‘कोणतें गाणें कितीदां व किती वेळ ऐकलें’ ही नोंद घ्या, म्हणजे आजच्या बहुतेक सेवांचा कणा आपणांस दिसला असें समजण्यास हरकत नाहीं. पुण्यांत अलूरकर म्युझिक हाऊससारख्या दुकानांत शास्त्रीय संगीताच्या कॅसेटी घ्यावयास जाणाऱ्या रसिकास शेजारीं उभा असलेला अनोळखी रसिक असेंच कांहीं सुचवी. फरक इतकाच कीं, त्या रसिकास ‘हें कां सुचविलें?’ असें विचारतां येई, आणि उत्तरादाखल तासभर वाद घालण्याचें सुखही मिळे.

लंडनच्या ‘लास्ट एफ्‌एम्’ या सेवेनें ही नोंदवहीची पद्धत घराघरांत नेली. ती २००२ सालीं निघाली. साउथॅम्प्टन येथें शिकणाऱ्या रिचर्ड जोन्स या विद्यार्थ्यानें संगणकावर वाजणाऱ्या प्रत्येक गाण्याची आपोआप नोंद करणारी युक्ति काढली होती, ती २००५ सालीं या सेवेंत मिळविण्यांत आली. तिची नभोवाणी २०१४ पर्यंत चालली.

दुसरी वाट अगदीं उलट दिशेची. टिम वेस्टरग्रेन हा स्वतः वादक. त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं २००० सालीं असा घाट घातला कीं, माणसांच्या आवडी बाजूस ठेवून गाण्याचीच चिरफाड करावयाची. संगीत शिकलेलीं माणसें पगारावर नेमलीं. त्यांनीं एकेक गाणें लक्षपूर्वक ऐकून त्याचे गुणधर्म एका लांबलचक तक्त्यावर लिहावयाचे. आवाज खरखरीत आहे कीं गुळगुळीत, ताल कसा, साथीस काय आहे, स्वररचना साधी आहे कीं वळणांची, असे सुमारें साडेचारशेंपर्यंत गुणधर्म. ज्या गाण्यांचे तक्ते जुळतात तीं एकामागून एक वाजवावयाचीं. २००५ मध्यें या पायावर ‘पँडोरा’ नांवाची नभोवाणी उभी राहिली. ती मूळची अमेरिकेपुरतीच होती. बाहेरच्या कित्येक श्रोत्यांनीं चोरवाटेनें आंत शिरकाव करून घेतला होता. पण गाण्यांचे हक्क देशोदेशीं निराळे असल्यामुळें २००७ सालीं ती वाटही बुजविण्यांत आली. मला स्वतःस ही पद्धत सर्वांत सुसंस्कृत वाटते, कारण तींत शेवटीं माणूसच ऐकत असतो. तिचा दोष एवढाच कीं, माणसाचे कान दोन आणि दिवसाचे तास चोवीस.

तिसरी पद्धत म्हणजे यंत्रानेंच ऐकणें. ‘एको नेस्ट’ ही कंपनी २००५ सालीं निघाली. तिनें ध्वनीच्या लहरी मोजून गाण्याची गति, पट्टी, आवाजाचा जोर इत्यादि गोष्टी आपोआप काढण्याचा उद्योग आरंभिला. २०१४ मध्यें ती ‘स्पॉटिफाय’नें विकत घेतली आणि २०१५ च्या जुलैपासून प्रत्येक श्रोत्यास दर सोमवारीं तीस गाण्यांची स्वतंत्र यादी मिळूं लागली. या यादीची एक मौज सांगण्याजोगी आहे. यादींत सर्व गाणीं श्रोत्यानें पूर्वीं न ऐकलेलीं असावीं, असा कर्त्यांचा बेत होता. रचनेंतल्या एका चुकीमुळें मधूनमधून परिचित गाणीं शिरत. ती चूक दुरुस्त केली तों लोकांचें ऐकणें कमी झालें! निव्वळ अनोळखी मंडळींत माणूस बुजतो. एखादा ओळखीचा चेहरा दिसला म्हणजे तो बैठक मारून बसतो. ही गोष्ट आमच्या मैफलींतल्या गवयांस संगणकाच्या कितीतरी आधीं ठाऊक होती. अनवट राग मांडून झाल्यावर ते श्रोत्यांच्या तोंडाकडे पाहत आणि मग ओळखीची ठुमरी काढीत.

आपल्याकडे ‘सावन’ व ‘गाना’ या सेवा आधींच्या. ‘सावन’ २०१८ मध्यें ‘जिओ’च्या संगीतसेवेंत मिळून ‘जिओसावन’ झाली. २०१९ च्या आरंभीं ‘स्पॉटिफाय’ व ‘यूट्यूब म्यूझिक’ हिंदुस्थानांत आल्या. आजच्या सर्व मोठ्या सेवा वर सांगितलेल्या पद्धतींची कमीअधिक खिचडी करतात, आणि तिचें प्रमाण गुप्त ठेवतात.

आतां अनुभवाकडे वळूं. आमच्या कात्रजच्या वसाहतींतील चार संगीतप्रेमी मंडळींनीं महिनाभर अशी एक सेवा वापरून पाहिली. सेवेचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. या धंद्यांतल्या सर्वांच्याच खोडी थोड्याफार सारख्या आहेत. चौघांत एक निवृत्त शिक्षक होते, ख्याल व नाट्यसंगीत यांचे भोक्ते. दुसऱ्या एक आजी, भावगीतांच्या नादी. तिसऱ्या बाई परिचारिका; कात्रज ते स्वारगेट हा रोजचा बसचा प्रवास कानांत गाणें घालूनच त्या करतात. चौथा अभियांत्रिकीचा विद्यार्थी, ज्यास सर्व चालतें.

शिक्षकांनीं पहिल्या दिवशीं भीमपलासांतला एक विलंबित ख्याल लाविला. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यापुढें ज्या याद्या येऊं लागल्या त्यांचीं शीर्षकें ‘गाढ झोपेसाठीं’, ‘ध्यानासाठीं’ अशीं! शिक्षक संतापले, पण यंत्राच्या बाजूनें पाहिलें तर त्याचा हिशेब बरोबर होता. गति अतिमंद, आवाजाचा जोर कमी, ढोलाचा ठोका नाहीं. जगांतील बहुसंख्य श्रोते अशा ध्वनीचा उपयोग डोळे मिटण्यासाठींच करतात. मंद्र षड्जावर गवई जी जागृति मिळवीत असतो, ती मोजण्याची पट्टी त्याच्याजवळ नव्हती. शिवाय या धंद्यांत तीस सेकंदांचा एक दंडक आहे. गाणें तीस सेकंद वाजलें म्हणजे तें ‘ऐकलें’ असें ‘स्पॉटिफाय’सारख्या सेवेंत धरतात, त्याआधीं पुढें ढकललें तर तें मोजणींत येत नाहीं, आणि शिफारस करणारें यंत्रही तें नापसंत झालें असें समजतें. तीन मिनिटांच्या चित्रपटगीतास हें माप ठीक आहे. ख्यालांत तीस सेकंदांत तंबोरे नीट लागलेले नसतात.

आजींची तऱ्हा निराळी. रात्रीं नातीस झोपविण्यासाठीं त्या एकच अंगाई पुन्हां पुन्हां लावीत. आठवड्याभरांत यंत्राचा असा ग्रह झाला कीं, ही श्रोती तीन वर्षांची आहे. सकाळीं पूजेच्या वेळीं त्यांनीं भक्तिगीताच्या आशेनें कळ दाबावी, तों फोन बडबडगीतें म्हणूं लागे. नातीस हा बदल पसंत पडला हें सांगावयास नकोच.

परिचारिका बाईंची अडचण मात्र मुळाशीं जाणारी होती, आणि मराठी श्रोत्यांपैकीं पुष्कळांस ती जाणवेल. त्यांस श्रीनिवास खळे यांच्या चाली आवडतात. गायक कोणीही असो. लता मंगेशकर असोत, अरुण दाते असोत, सुरेश वाडकर असोत, चाल खळ्यांची असली म्हणजे बाई खिडकीबाहेर पाहावयाच्या थांबतात. आपल्या भावगीताची परंपराच अशी आहे कीं, तींत कवि, संगीतकार व गायक या तिघांचा संसार एकत्र चालतो, आणि रसिक या तिघांपैकीं कोणाच्याही मागें लागून वाटचाल करूं शकतो. परंतु या सेवांचा दप्तरखाना मुख्यतः गायकाच्या नांवानें रचलेला. संगीतकाराचें नांव कधीं असतें, कधीं नसतें. कवीचें तर बहुधा नसतेंच. बाईंनीं खळ्यांचें एक गीत लावावें आणि यंत्रानें त्याच गायिकेचीं हिंदी चित्रपटगीतें पुढें करावीं, असें चालूं राहिलें. त्यांतच नांवांच्या लेखनाचा गोंधळ. एकाच गायकाचें नांव कोठें ‘पंडित’ लावून, कोठें न लावतां, कोठें नागरींत, कोठें रोमन लिपींत तीन प्रकारच्या अक्षरजुळणीनें. माणसास तो एकच गायक दिसतो. यंत्रास चार निराळे, आणि चौघांचेही चाहते थोडे.

विद्यार्थ्याचा अनुभव मात्र या सेवेस श्रेय देणारा आहे. त्यानें अजय-अतुल यांच्या ढोलाच्या गाण्यापासून आरंभ केला. तेथून दोनचार दिवसांत तो गोंधळ आणि जागरण यांच्या ध्वनिमुद्रणांपाशीं पोहोंचला आणि आठवड्याच्या अखेरीस शाहीर साबळ्यांचा पोवाडा ऐकत बसला होता. हें नांव घरांत कोणीं त्यास सांगितलें नव्हतें. माणसांची माणसांशीं जुळणी ही पद्धत जेथें श्रोते पुष्कळ आहेत तेथें खरोखर चांगलें काम करते, हें येथें मान्य केलेंच पाहिजे.

त्यानें आणि परिचारिका बाईंनीं मिळून एक प्रयोगही केला. दोन फोनांवर नवीं खातीं उघडून कुमार गंधर्वांचें एकच निर्गुणी भजन दोघांनीं लाविलें. एकानें पुढें जें येईल तें येऊं दिलें. दुसरीनें भजन आलें कीं पुढें ढकललें आणि राग आला कीं पुरा ऐकला. पांचव्या दिवशीं पहिल्या फोनवर आरत्या वाजत होत्या; दुसऱ्यावर जयपुर घराण्याचे ख्याल. आरंभ एकच असून दोन खोल्यांत दोन निराळे कुमार गंधर्व उभे राहिले होते, आणि दोघांपैकीं कोणत्याही फोनच्या धन्यास दुसरा कुमार आहे हें फोनकडून कळण्याचा मार्ग नव्हता.

यंत्राला राग शिकविणें अशक्य आहे काय? नाहीं, पण तें अवघड आहे. भूप आणि देसकार घ्या. दोहोंत स्वर तेच पांच: षड्ज, ऋषभ, गंधार, पंचम व धैवत. नुसतें स्वर मोजणाऱ्यास दोन्ही एकच. परंतु भूप सायंकाळनंतरचा, गंधारावर विसावणारा. देसकार सकाळचा, धैवतावर झळकणारा. आणि दोघांची चालण्याची ढब भिन्न. त्यांतून आमच्याकडे षड्ज ठरलेला नाहीं. प्रत्येक गवयाचा ‘सा’ त्याच्या गळ्याप्रमाणें. तेव्हां यंत्रानें प्रथम तंबोऱ्यावरून ‘सा’ ओळखावा, मग स्वरांचीं अंतरें मोजावीं, मग पकडीसारखीं स्वरवाक्यें शोधावीं. बार्सेलोना येथील पोंपेउ फाब्रा विद्यापीठांत झेवियर सेरा यांच्या नेतृत्वाखालीं २०११ पासून कांहीं वर्षें ‘कॉम्पम्यूझिक’ नांवाचा प्रकल्प चालला. पाश्चात्त्य मापें सर्व संगीतास लावूं नयेत हीच त्याची भूमिका. हिंदुस्थानी व कर्नाटक संगीताबरोबर तुर्की, चिनी व अरबी-अंदलुसी संगीतही त्यांत होतें, आणि पवईच्या आय. आय. टी.मधील प्रीति राव यांच्या संशोधकमंडळीचा त्यांत भाग होता. म्हणजे विद्या उपलब्ध आहे. ती बाजारांत उतरत नाहीं याचें कारण, देसकार मागणारे गिऱ्हाईक थोडें.

आणि येथें मी या विषयाच्या मला सर्वांत चिंताजनक वाटणाऱ्या भागाकडे येतों. शिफारस ही नुसती आवडीची गोष्ट राहिलेली नाहीं. तिच्यावर कलावंताची भाकरी अवलंबून आहे. ‘स्पॉटिफाय’नें २०२४ पासून असा नियम केला कीं, ज्या ध्वनिमुद्रणास मागील बारा महिन्यांत एक हजार वेळांपेक्षां कमी श्रवण लाभलें, त्यास मोबदल्याचा वांटा मिळावयाचा नाहीं. त्याआधीं २०२० सालीं त्याच कंपनीनें एक योजना काढली, तींत ध्वनिमुद्रणाचा मालक आपलें गाणें विशेष पुढें आणावें असें कळवूं शकतो आणि त्याबद्दल कमी दरानें मोबदला पत्करतो. कंपनीच्या बाजूनें म्हणण्यासारखें आहे: हजाराच्या आंतल्या श्रवणाची रक्कम फार क्षुल्लक असते आणि खोट्या गाण्यांचा भरणा करून पैसे उकळणारे लोकही पुष्कळ. परंतु एखाद्या तालुक्याच्या गांवच्या भजनी मंडळानें पदरमोड करून केलेलें ध्वनिमुद्रण घ्या. तें कोणी ऐकलेलें नाहीं म्हणून यंत्र तें सुचवीत नाहीं. यंत्र सुचवीत नाहीं म्हणून तें कोणी ऐकत नाहीं. आणि ऐकत नाहीं म्हणून त्याला छदामही नाहीं. हें चक्र कोणीं मुद्दाम दुष्टपणानें रचलें असें नव्हे. तें जुळणीच्या हिशेबांतूनच आपोआप निघतें.

याच्याशीं जुन्या व्यवस्थेची तुलना करावी. पुणें आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजीं सुरू झालें. १९५५ च्या एप्रिलपासून त्यानें ‘गीतरामायण’ प्रसारित केलें, ग. दि. माडगूळकरांनीं आठवड्यास एक गीत लिहावें, सुधीर फडक्यांनीं त्यास चाल लावावी, असें वर्षभर चालून छप्पन्न गीतें झालीं. त्या दिवशीं महाराष्ट्रांतील एकाही श्रोत्याच्या आवडीच्या नोंदींत ‘गीतरामायण’ नव्हतें. असूं शकतच नव्हतें. कोणा तरी माणसानें, हें लोकांना द्यावें, असें ठरविलें. मागील ऐकण्यावरून पुढचें ठरविणारें यंत्र असा निर्णय कधींच घेऊं शकणार नाहीं. मात्र ठरविणारा माणूस नेहमींच शहाणा असतो असें समजूं नये. १९५२ सालीं बा. वि. केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले, आणि लोकांची अभिरुचि सुधारण्याच्या उत्साहांत चित्रपटगीतें आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झालीं. लोकांनीं काय केलें? यंत्राचा कांटा फिरविला आणि ते रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ ऐकूं लागले. एक व्यवस्था तुम्हांस काय आवडावें हें सांगत होती; दुसरी तुम्हांस जें आवडलें तेंच पुन्हां वाढते. या दोहोंच्या मध्यें कोठें तरी, ज्याला संगीत कळतें आणि माणूसही कळतो असा निवेदक बसलेला असे. त्याची जागा आज रिकामी आहे.

आपल्या हातीं काय आहे, तें थोडक्यांत सांगतों. घरांत जितकीं माणसें तितकीं खातीं ठेवावीं; आजी व नात यांचें एकच खातें असल्यास आजींचेंच नुकसान. कित्येक सेवांत एखादी यादी आपल्या आवडीच्या हिशेबांतून वगळण्याची सोय असते, ती अंगाईसाठीं वापरावी. आपोआप पुढचें गाणें लागण्याची कळ बंद करतां येते. ख्याल ऐकणाऱ्यानें ती बंदच ठेवावी, नाहीं तर भैरवीनंतरची स्तब्धता नशिबीं येत नाहीं. नापसंतीची खूण करावयास संकोच करूं नये, यंत्रास वाईट वाटत नाहीं. आणि एखादें अप्रसिद्ध गाणें आवडलें तर तें पुरें ऐकावें, नांवानिशीं शोधून ऐकावें, दुसऱ्यास पाठवावें; त्याच्या हजारांत आपली एक भर पडते.

राहिला नोंदीचा प्रश्न. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्या संसदेनें २०२३ सालीं संमत केला आहे, आणि मोठ्या सेवांकडे आपली स्वतःची नोंद मागवितांही येते. महिना संपल्यावर विद्यार्थ्यानें शिक्षकांची नोंद त्यांच्याच सांगण्यावरून मागविली आणि छापून त्यांच्या हातीं दिली. प्रत्येक गाणें, तारीख, वेळ, किती सेकंद ऐकलें, सारें ओळीनें. शिक्षकांनीं चष्मा लावून पानें चाळलीं. एका आठवड्यांत रोज पहाटे तीनच्या सुमारास एकच जोगिया लागलेला होता, आणि रोज तो मध्येंच थांबविलेला होता. त्या आठवड्यांत त्यांच्या पत्नी रुग्णालयांत होत्या आणि पहाटेचा फोन केव्हां वाजेल या धास्तीनें ते जागे असत. पुढें पत्नी बऱ्या होऊन घरीं आल्या. यंत्र मात्र अजूनही पहाटे तीनच्या यादींत करुण राग भरीत होतें.

शिक्षकांनीं तें खातें बंद केलें नाहीं. त्या आठवड्याच्या ओळी विद्यार्थ्याकडून ऐकण्याच्या इतिहासांतून काढून टाकविल्या, आणि देसकाराचीं मिळतील तीं ध्वनिमुद्रणें नांवें लिहून एका यादींत घातलीं. ती यादी आतां चौघांच्याही फोनवर आहे.